कवळीकाकू आणि बेडकाचे खालचे दात

माणूस भेटला की काकू आधी दातांकडे बघायच्या, मग चेहऱ्याकडे. नाव विसरायच्या, दात नाही. "ती पुढच्या दोन दातांत फट असलेली येऊन गेली," असा निरोप द्यायच्या, आणि तो बरोबर ज्याला पोचायचा त्यालाच पोचायचा.

विचारात पडल्या की जिभेने स्वतःच्या दाढा चाचपायच्या. गाल आतून हलताना दिसायचा.

एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर, आणि तरी टेबलावर काहीतरी शोधत असायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "चष्मा."

प्लास्टरची धूळ पडू नये म्हणून चहावर बशी झाकायच्या. मग बशी उचलून ब्रश त्याच चहात बुडवायच्या.

काम बिघडलं की दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघायच्या. "कोणी केलंय हे? हात कलम करा तिचे."

संग्रहालयात सगळे त्यांना कवळीकाकू म्हणायचे. हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलं होतं. दुसऱ्या कोणी ठेवायच्या आत आपण ठेवलं की निदान पसंतीचं मिळतं, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या महिन्यात काकू गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे हसायच्या जागा बऱ्याच आहेत आणि त्या सगळ्या त्यांनीच करून ठेवल्या आहेत.

संग्रहालयात यायच्या आधी त्या दातांच्या एका डॉक्टरांकडे कवळ्या बनवायच्या. दवाखान्यामागची लांबट खोली, एक खिडकी, एक बेसिन, मेणाचा वास. रुग्ण त्यांना जाता-येता दिसतील तेवढेच. खोलीत फक्त त्यांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्या ठशांवरून काकू माणूस ओळखायच्या: हा दात-ओठ खाणारा, ही एकाच बाजूने जेवणारी, हा बायकोशी न बोलणारा. शेवटचं कसं कळतं, असं विचारलं तर म्हणायच्या, "त्याची बायको पण आमच्याकडेच यायची."

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. त्याच सुमारास संग्रहालयाला प्राण्यांच्या प्रतिकृती करायला प्लास्टर हाताळणारं माणूस हवं होतं. संग्रहालयाच्या प्रमुख, म्हणजे मॅडम, यांनी मुलाखत घेतली.

"प्राण्यांची काही माहिती आहे का?"

"सासरी चार दीर होते."

मॅडम हसल्या नाहीत. नोकरी मात्र दिली.

कामाची जागा तळघरात होती. खिडकी रस्त्याच्या पातळीला, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसत. काकूंचं पहिले काही महिने कशातच लक्ष लागेना. "जन्म दातांत गेला आणि म्हातारपणी चपला बघत बसले," असं त्या येईल त्याला सांगायच्या. त्या काळात त्यांनी एका माशाला पापण्या केल्या. एका घुबडाला इतका सोशिक चेहरा दिला की मॅडम म्हणाल्या, हे घुबड नाही, ही तुमची कोणीतरी नातेवाईक आहे. काकूंनी बारकाईने बघितलं आणि मान्य केलं. धाकटी जाऊ निघाली.

पण हात चांगला होता. चूक सांगितली की राग यायचा नाही. उलट सगळ्यांना बोलावून दाखवायच्या.

वर्षभरापूर्वी उभयचरांचं नवं दालन करायचं ठरलं. विद्यापीठातले एक प्राध्यापक सल्ल्याला आले. आयुष्य बेडकांवर घालवलेलं, म्हणून काकूंनी त्यांना बेडूकसर करून टाकलं. त्याच सुमारास पाट्यांवरचा मजकूर लिहायला एक मुलगी नोकरीला लागली. साहित्यात पदवी घेतलेली, दुसरीकडे कुठे काही न जमलेली.

"म्हणजे माझ्यासारखीच," काकू म्हणाल्या. "चुकून आलेली. बस इथे. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, सगळं वजन डावीकडे टाक."

बेडूकसरांनी दोघींना एकदम शिकवलं. तळघरातच, रंगाच्या डब्यांच्या मधोमध उभं राहून. उभयचर हा एक वर्ग. त्यात तीन गण. पहिला बेडकांचा: मोठेपणी शेपूट नाही, मागचे पाय लांब, उड्या मारणारा, आवाज करणारा. दुसरा सॅलॅमँडरचा: शेपूट जन्मभर, चारही पाय साधारण सारखे, चालणारा, बहुतेक मुका. तिसरा देवगांडुळांचा: पायच नाहीत, जमिनीखाली राहणारा. बेडकांच्या जाती सात हजारांच्या वर. सॅलॅमँडरच्या आठशेच्या आसपास. देवगांडुळांच्या त्याहून कितीतरी कमी.

काकूंनी जीभ गालात फिरवली. "म्हणजे एका घरातल्या तीन जावा."

"तसं म्हणायला हरकत नाही," सर सावधपणे म्हणाले.

"थोरलीने शेपूट टाकलं आणि बडबड धरली. मधलीने शेपूट सोडलं नाही, पण तोंडही उघडलं नाही. तिसरीने हातपाय गाळले आणि जमिनीत गेली."

"आणि पाल?" मुलीने विचारलं.

"पाल दुसऱ्या घरातली," सर म्हणाले. "सरपटणाऱ्यांतली. तिला खवले असतात, नख्या असतात, कातडी कोरडी. सॅलॅमँडरला खवले नाहीत, नख्या नाहीत, कातडी ओली. दिसायला सारखे, नातं लांबचं. लोक मात्र पालच म्हणतात. बिचाऱ्याला कोणी ओळखतच नाही."

हे शेवटचं वाक्य काकूंना लागलं. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण दवाखान्यात बावीस वर्षं माणसं त्यांना नर्सबाई म्हणत आली होती, आणि बाहेर भेटली की डॉक्टरांची बायको समजत होती. "आणि डॉक्टरांच्या बायकोला," त्या म्हणायच्या, "लोक माझी सासू समजायचे. म्हणून ती माझ्याशी कधी बोलली नाही."

सॅलॅमँडरचा पहिला साचा निघाला तेव्हा काकूंनी परीक्षा घेतली. बिनरंगाची प्रतिकृती उचलून तिकीटखिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. तिकीटवाली खुर्चीवर चढली. "पाल," ती म्हणाली. पहारेकऱ्याने चप्पल हातात घेतली. "केवढी पाल," तो म्हणाला. संध्याकाळी काकू ती पिशवीतून घरी घेऊन गेल्या. काकांनी पेपर खाली केला.

"पाल का करतेयस?"

"अहो, नख्या दिसतात का कुठे?"

"मी कशाला पालीच्या नख्या बघायला जाऊ?"

दुसऱ्या दिवशी काकू मॅडमच्या खोलीत गेल्या. नव्या दालनात दोन प्रकारची कपाटं होती. भिंतीला लागून एक लांबलचक, आणि मधोमध एक गोल, चारही बाजूंनी काच असलेलं. आत शिरणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जाणार. आराखड्यात मधल्या कपाटात बेडूक होता. सॅलॅमँडर भिंतीच्या टोकाला, सरपटणाऱ्यांच्या दालनाच्या दाराशी.

"तिथे ठेवलात तर तो पालच होणार," काकू म्हणाल्या. "दारातून पाली बघत येणारी माणसं त्याला शेवटची पाल म्हणून बघून बाहेर पडणार."

"काकू, लोक बेडूक बघायला येतात."

"बेडूक त्यांनी बघितलाय. बेडकाला ओळख करून द्यावी लागत नाही. ह्याला लागते."

"धोक्यात आलेल्या जाती मोजल्या तरी बेडकांच्याच जास्त आहेत. सरांना विचारा."

सर तिथेच होते. ते म्हणाले, मोजून जास्त बेडकांच्याच, ते खरं. पण प्रमाण काढलं तर बेडकांत पाचांतल्या दोन जाती धोक्यात आणि सॅलॅमँडरमध्ये पाचांतल्या तीन. रानं तुटतात, झरे आटतात, कातडीला बुरशी लागते, वरून माणसं पाळायला पकडून विकतात.

"म्हणजे असं बघा," काकू म्हणाल्या. "एकाचे बत्तीसातले बारा दात पडले. दुसऱ्याच्या तोंडात मुळात पाचच होते, त्यातले तीन पडले. मोजून बारा जास्त. पण उपाशी कोण झोपणार?"

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांना हा हिशेब पटला असावा, कारण त्या एकदम कडक आवाजात बोलू लागल्या. "ठीक आहे. उद्घाटनाच्या आत दोन्ही तयार हवेत. बेडूक आणि सॅलॅमँडर. दोन्ही सरांनी पास करायचे. तर मधलं कपाट तुमच्या सॅलॅमँडरला. नाहीतर आराखडा आहे तसाच राहील."

काकू खाली आल्या त्या उड्या मारतच. "बघ," त्या मुलीला म्हणाल्या, "मी पहिल्या गणातली."

मुलीने त्या दिवशी पाटी लिहून दाखवली. 'सॅलॅमँडर: ओल्या अंधाराचा मौनव्रती यात्रिक.' काकूंनी दोनदा वाचली.

"छान आहे. कोण वारलं?"

पाटी बदलली.

काकूंनी आधी बेडूक घेतला. मॅडमना तो मोठा हवा होता, खऱ्याच्या कितीतरी पट, तोंड उघडलेला, आतली जीभ दिसेल असा. लोकांना तोंडात बघायला आवडतं, असं मॅडमचं मत. काकूंना ते मत सांगावं लागलं नाही. एक मोठं उघडं तोंड त्यांच्या हाती आलं होतं. दवाखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदा.

त्या तोंडात शिरल्या आणि हरवल्या. टाळू केली, जीभ केली, जिभेच्या कडा केल्या. सरांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या जबड्यात बारीक, एकसारख्या दातांची ओळ बसवली. तिच्याकडे बघून इतकं समाधान वाटलं की खालीही एक ओळ बसवली. वरची बरोबर खालच्यावर टेकेल अशी. हाताला सवयच ती. आयुष्यात त्यांनी कधी अर्धी बत्तिशी घरी पाठवली नव्हती.

बेडूकसर बघायला आले. बेडकाभोवती फिरले. पाय बघितले, मान हलवली. डोळे बघितले, मान हलवली. मग वाकून तोंडात बघितलं आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"काकू."

"बोला सर."

"हा हसतोय."

"आनंदी आहे."

"खालच्या जबड्यात दात आहेत ह्याला."

"पक्के बसवलेत. हलणार नाहीत."

"बेडकाला खाली दात नसतात."

काकूंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवरच्या चष्म्यावर चढवला. "एकही नाही?"

"वर असतात, बहुतेकांना. खाली नाही. सॅलॅमँडरला दोन्हीकडे असतात. सगळ्या जगात एकच बेडूक असा आहे ज्याला खाली दात आहेत, आणि तो हा नव्हे."

"मग त्याचीच पाटी लावून टाकू," मुलगी म्हणाली. सरांनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं तिच्यानंतर ती त्या दिवशी बोलली नाही.

काकू स्टुलावर बसल्या. वजन चुकीच्या बाजूला पडलं, स्टूल कलंडलं, त्यांनी सावरलं. "बेडकाला कवळी बसवली मी," त्या म्हणाल्या. मग स्वतःच वर गेल्या आणि तिकीटवालीला, पहारेकऱ्याला, झाडणाऱ्या बाईला खाली घेऊन आल्या. "या, बघून घ्या. फुकट आहे. ह्याला पुढच्या आठवड्यात ठसा घ्यायला बोलावलंय." झाडणारी बाई इतकी हसली की भिंतीला टेकली.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा काका हसले ते हसतच राहिले. त्यांची कवळीही काकूंनीच केलेली. हसताना ती निसटली आणि मांडीवर पडली.

"बेडकाची नीट बसली," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "आणि नवऱ्याची?"

पण दुसऱ्या दिवशी मॅडम हसल्या नाहीत. दात काढायचे तर खालचा जबडा नवा करावा लागणार. साचा, भरणी, रंग, पुन्हा पहिल्यापासून. उद्घाटनापर्यंत तेवढंच काम होईल. सॅलॅमँडर राहून जाईल.

"बेडूक आधी," मॅडम म्हणाल्या. "सॅलॅमँडर पुढच्या वर्षी बघू. तोवर भिंतीच्या कपाटात फोटो लावू."

"बोलून झालेलं आहे आपलं."

"दोन्ही तयार झाले तर, असं बोललो होतो, काकू."

काकू खाली आल्या. मुलीला वाटलं, आता काहीतरी गंमत करतील. त्यांनी काही केलं नाही. बेडकासमोर बसून राहिल्या. गाल आतून हलत होता. मग उठून कानशींचा डबा काढला, दवाखान्यातला, जुना. खालचे दात एकेक करून घासून काढले. दुपार त्यात गेली. जबड्याची कड दोन-तीन ठिकाणी फुटली. उघड्या तोंडात ती लगेच दिसत होती.

"आता?" मुलगी म्हणाली.

"आता ह्याला गप्प बसवायचं."

बेडकाचं तोंड त्यांनी मिटवलं. बिजागरीची जागा कापली, खालचा जबडा वर आणला, वरचा ओठ खालच्यावर बरोबर बसवला. त्यांच्या कामात हे सगळ्यात नाजूक. दोन जबडे एकमेकांवर कसे टेकतात ते चुकलं की माणूस कवळी ताटलीत ठेवून जेवतो. इथे चुकलं नाही. सांधा भरला, घासला, रंगवला. मिटल्या तोंडाचा बेडूक नुसता बसला होता, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा बेडूक वाटत होता.

"बावीस वर्षं लोकांची उघडी तोंडं भरली," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदाच कोणाचं तरी तोंड बंद केलं. आधीच जमलं असतं तर सासरी बरे दिवस गेले असते."

"काकू, तोंड मिटलेलंच ठेवायचं होतं तर दात घासले कशाला? आत कोणाला दिसणार होते?"

"मला माहीत होतं ना."

सरांनी बेडूक पास केला. मॅडमना जीभ गेल्याचं वाईट वाटलं, पण दिला शब्द त्या मागे घेणाऱ्यातल्या नव्हत्या. अजून सॅलॅमँडरला वेळ होता. थोडा.

मग काकू दुसरं काही बोलेनात. सॅलॅमँडर आता पहिल्या प्रतिकृतीहून मोठा झाला होता, दोन हातांत न मावणारा. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच, सरांना तीनदा विचारून केलेली. नख्या नाहीत. तोंड मिटलेलं, तरी आत दोन्ही जबड्यांत दात. ते त्यांनी हौसेने बसवले. "ह्याला चालतात," त्या म्हणाल्या. "जोडीदार शेवटी बरोबर भेटला."

रंगाला वेळ लागत होता. ओली कातडी दाखवायची तर पातळ रंगाचा थर, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. गर्द तपकिरी अंग, आणि दोन्ही कुशींवर नारिंगी ठिपक्यांची एकेक रांग. उजवी कूस पुरी झाली त्या दिवशी त्यांनी दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात बघितलं. खरोखर ओली दिसत होती. मुलीने न राहवून बोट लावलं.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

"तू मात्र ओली झालीस," काकू म्हणाल्या. "डोळे पूस. उद्या डावीकडे सुरू करते."

डावीकडे सुरू केलं. दोन दिवस त्यावर बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला तो मॅडमनी घेतला. मग त्या स्वतः जिना उतरून तळघरात आल्या. एरवी त्या कोणाला तरी पाठवायच्या.

त्या आठवड्यात तळघरात कोणी काही हलवलं नाही. मुलीने एकदा प्लास्टरच्या तुकड्यावर नारिंगी ठिपका काढून बघितला. तो ठिपक्यासारखा दिसत नव्हता. काहीतरी सांडल्यासारखं दिसत होतं. तुकडा तिने कचऱ्यात टाकला आणि हात धुतले.

उरलेली डावी कूस पुरी करायला पाट्या रंगवणाऱ्या माणसाला बोलवावं, असं कोणीतरी सुचवलं. मॅडम नको म्हणाल्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दालनात सगळे उभे होते. बेडूक भिंतीच्या कपाटासमोर जमिनीवर, सॅलॅमँडर एका लाकडी पेटीवर.

"भिंतीच्या कपाटात ठेवला तर डावी बाजू आत जाईल," मॅडम म्हणाल्या. "कोणाला कळणार नाही."

"आणि मधल्यात?" सरांनी विचारलं.

"मधल्याला मागची बाजू नाही. सगळीकडून दिसणार."

मॅडम पेटीला वळसा घालून डाव्या बाजूशी आल्या.

"दोन्ही तयार झाले तर मधलं, असं आमचं ठरलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"हा तयार नाही," सर म्हणाले.

"नाही."

मॅडमनी मधल्या कपाटाची किल्ली काढली. काच सरकवली. मग पहारेकऱ्याला म्हणाल्या, "उचला. सांभाळून. डाव्या बाजूला हात लावू नका, रंग कच्चा असेल."

आता तो तिथे आहे. दारातून आत आलं की उजवी कूस दिसते. तपकिरी, ओली, ठिपक्यांची रांग मानेपासून शेपटीपर्यंत. पाटीवर नाव आहे, गण आहे, पाचांतल्या तीन जाती धोक्यात आहेत हे आहे. दुसरं काही लिहिलेलं नाही.

वळसा घालून पलीकडे गेलं की डावी कूस. खांद्यापर्यंत तपकिरी, त्यापुढे अस्तराचा करडा रंग. त्या करड्यावर ठिपक्यांच्या जागा पेन्सिलीने आखल्या आहेत, बारीक गोल, एकापुढे एक, शेपटीच्या टोकापर्यंत. पहिल्या दोनांत नारिंगी भरला आहे. तिसऱ्यात नुसती कड.